जासईचा बोकड

१

सकाळी आल्या आल्या आधी पेशींना जेवायला घालायचं आणि मगच स्वतःचा चहा प्यायचा, हा अस्मिताचा शिरस्ता होता. ‘जेवायला घालणं’ हा लॅबमधला रोजचा शब्द. प्लास्टिकच्या चपट्या बाटल्या, म्हणजे फ्लास्क, उबदार कपाटातून बाहेर काढायचे, त्यांतलं जुनं पोषणद्रव खेचून घ्यायचं, ताजं घालायचं, एकेक फ्लास्क मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि परत कपाटात ठेवून दार लावायचं. तळोजा एमआयडीसीतल्या त्या छोट्या कंपनीत बोकडाच्या स्नायूंमधल्या मूळ पेशी वाढवण्याचं काम चाले. पुढेमागे त्यांचंच मटण होणार होतं, एकाही जनावराच्या मानेवर सुरी न फिरवता. कंपनीचे मालक सुधीर सर स्वतः अंडंसुद्धा खात नसत. जन्मात मटणाला बोट न लावलेला माणूस जगाला मटण खाऊ घालायला निघाला होता, यावर लॅबमधल्या सगळ्यांनी आपापल्या परीने हसून घेतलं होतं.

बोकड जासईचा. अस्मिताचा नवरा सौरभ तिथल्या एका कंटेनर यार्डात क्लार्क होता. यार्डाच्या भिंतीला लागून दुर्गाबाईंचं घर होतं आणि त्यांच्या दारात हा बांधलेला असे, अंगाने भरलेला, तुकतुकीत. गुरांच्या डॉक्टरने त्याच्या मांडीतून सुईने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, की बोकड पुन्हा पाला खायला मोकळा. याआधीच्या बोकडांच्या पेशी थोडे दिवस वाढत आणि थकून मरत. याच्या थकायचं नावच घेत नव्हत्या. सुधीर सर तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून कपाटापाशी नेत.

अस्मिताला पाचवा महिना होता. याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच हातचं गेलं होतं. त्यामुळे या खेपेला ती दोन पायऱ्यासुद्धा कठड्याला धरून उतरे. तिला हे मूल हवं होतं. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

तर त्या सकाळी तिने पहिला फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि तिला काहीतरी खटकलं. स्नायूंच्या पेशी लांबट, दोन्हीकडे निमुळत्या. दाटी झाली की त्या रांगा धरतात, पण गटागटाने, एक घोळका इकडे तोंड करून तर दुसरा तिकडे, डोक्यावरच्या भोवऱ्यांसारख्या. या फ्लास्कमध्ये भोवरा नव्हता. सगळ्या पेशी एका दिशेने आडव्या पडल्या होत्या आणि त्यांची एकाच बाजूची टोकं ताणून ताणून सुतासारखी बारीक झाली होती. दुसऱ्या फ्लास्कमध्ये तेच. शेवटच्या फ्लास्कपर्यंत तेच. सगळी टोकं खोलीच्या एकाच कोपऱ्याकडे होती, जिथे आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं.

तिने कोपऱ्यात जाऊन पाहिलं. तिथे दुसरं काहीही नव्हतं.

२

शास्त्र शिकलेल्या माणसाला घाबरायच्या आधी कारण शोधायची सवय असते. अस्मिताने फ्लास्क उलटे फिरवून ठेवले. दोन-तीन दिवसांत टोकं पुन्हा कोपऱ्याकडे वळली. फळी कलती असेल म्हणून तिने सोसायटीत काम करणाऱ्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली. फळी चोख सपाट होती. शेजारच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर धडधडतो, त्याचे हादरे बसत असतील म्हणून तिने कपाटाखाली रबराच्या चकत्या घातल्या. मग कपाटच बदललं. तिच्या हाताखाली काम करणारी अक्षता तोंडाला आगाऊ. ती म्हणाली की मॅडम, यांना वास्तुशास्त्र कळतंय बहुतेक. अस्मिताही हसली. पण दिवसभर त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायला तिला नको वाटू लागलं.

त्याच सुमारास सुधीर सरांनी बोकडाला लॅबवर आणवलं. बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायला व्हिडिओ करायचा होता. जनावर आनंदी आहे, धडधाकट आहे, हे दिसायला हवं होतं. टेम्पोतून उतरवून त्याला इमारतीमागे जनरेटरच्या खोलीपाशी बांधलं. परतीला टेम्पो बिघडला म्हणून तो एक मुक्काम तिथेच राहिला.

दुसऱ्या सकाळी फ्लास्कमधली टोकं जनरेटरच्या बाजूला वळलेली होती. बोकड जासईला परत गेला आणि पेशी पुन्हा कोपऱ्याकडे फिरल्या. अस्मिताने मोबाईलवर नकाशा उघडला, तो टेबलावर नीट दिशा जुळवून ठेवला आणि त्या कोपऱ्यातून बाहेर एक रेघ मनातल्या मनात ओढली. रेघ विमानतळावरून, उलव्याला बगल देऊन, सरळ जासईत उतरत होती.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. एकदा घडलेल्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही, असं ती स्वतःच नव्या मुलांना शिकवायची. तिने फोन उलटा करून ठेवला आणि चहा घ्यायला गेली.

३

पेशींचा वंश आता पक्का झाला, यापुढे जनावराची गरज नाही, असं सुधीर सरांनी एके दिवशी जाहीर केलं आणि टाळ्या वाजवून घेतल्या. दुर्गाबाईंना सौरभकडून निरोप गेला, की बोकड आता तुमचा तुम्हाला. दुर्गाबाईंनी राग मानला नाही. उलट चैत्रातल्या गावच्या जत्रेचं जेवायला सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं धाडलं. आगरी घरचं जत्रेचं आमंत्रण. न जाणं म्हणजे तोंडावर दार आपटण्यासारखंच. अक्षताच्या बहिणीचं लग्न होतं, तिने सुटका करून घेतली. सौरभ नुकताच काविळीतून उठला होता आणि वरणभातावर होता. सुधीर सर शिष्टाचार म्हणून आले आणि तांदळाच्या भाकरीबरोबर बटाट्याची भाजी चिवडत बसले. राहिली अस्मिता.

तिला हल्ली मटणाचे डोहाळे लागले होते. ताट पुढे आलं तेव्हा तिने लाजबीज काही धरली नाही. दुर्गाबाई समोर बसून वाढत होत्या. तिचं पोट पाहून त्यांनी वेगळी झाकून ठेवलेली वाटी पुढे केली.

“खा गो बाय. तू दोन जिवांची हायस. कालीज तुज्यासाठीच काढून ठेवलंय.”

अस्मिताने वाटी संपवली आणि वर आणखी मागून घेतलं. हात धुवायला मागच्या दारी गेली तेव्हा तिला खुंटा दिसला. खुंट्याला दावं गुंडाळून ठेवलेलं होतं. तिने दुर्गाबाईंना विचारलं, बोकड कुठेय. खरं तर विचारायच्या आधीच तिला कळलं होतं.

“तुमचाच होता तो,” दुर्गाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. “कंपनीला नको झाला ना? मंग देवाच्या पावन्यांना घातला. तुमी नाय खायाचा तर कोनी खायाचा?”

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की माया, हे अस्मिताला शेवटपर्यंत उमगलं नाही. परतीच्या रस्त्यावर तिने गाडीची काच खाली केली. जिभेवर चव रेंगाळत होती. ती चव चांगली होती, आणि त्याचाच तिला संताप येत होता.

४

सोमवारी फ्लास्कमध्ये नुसता गोंधळ होता. दिशा नाही, रांग नाही, विस्कटलेल्या केसांसारख्या पेशी कशाही पडलेल्या. अस्मिताला हायसं वाटलं. झालं, संपलं एकदाचं, असं म्हणून तिने त्यांना जेवायला घातलं.

दुसऱ्या दिवशी टोकं वळलेली होती. या वेळी कोपऱ्याकडे नव्हती, ती खिडकीजवळच्या तिच्या टेबलाकडे होती. तिने टेबल भिंतीच्या दुसऱ्या टोकाला हलवलं आणि अक्षताला सांगितलं, इथे उकडतं. दोन दिवसांत टोकं तिथे पोचली. तिने अक्षताला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः आतल्या खोलीत काम केलं. टोकं आतल्या खोलीकडे.

मग ती थोडे दिवस रजा टाकून जुईनगरला घरी बसली. रजेच्या शेवटी तिने अक्षताला सहज सांगावं तसं सांगितलं की एका फ्लास्कचा फोटो पाठव, बाजू कुठली ते लिही. फोटो आला. टोकं डोंगराकडच्या भिंतीकडे होती, असं अक्षताने लिहिलं होतं. खारघरचा डोंगर ओलांडला की सरळ रेघेत जुईनगर. अस्मिता सोफ्यावर फोन हातात घेऊन बसून राहिली. 

सगळ्या गावाने तो बोकड खाल्ला होता. मग मीच का, हा प्रश्न ती स्वतःला विचारी आणि उत्तराच्या जवळ आली की उठून काहीतरी काम काढी. रात्रीची भांडी ती सकाळी दुसऱ्यांदा घासू लागली, तेव्हा सौरभने विचारलं, काय झालंय. ती म्हणाली, काही नाही, टेन्शन आहे कामाचं.

शेवटी तिने सुधीर सरांना सगळं सांगितलं. बोकड, नकाशा, टेबल, फोटो. हा वंश नष्ट करू या, असंही सांगितलं. सरांनी फोटो मोठे करून करून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, सगळे फायबर एका दिशेने! मटणाला पोत येतो तो यानेच. लोक यासाठी जिवाचं रान करतायत, आणि तू मारायला निघालीस?” मग त्यांनी तिच्या पोटाकडे पाहून आवाज खाली आणला. “या दिवसांत मन चळतं माणसाचं. घरी जा. आराम कर.”

त्यांनी त्याच आठवड्यात पेशी मोठ्या टाकीत वाढवायला काढल्या. लॅबमध्ये स्टीलची ती टाकी घरघरत राही, आणि अस्मिता जिथे जाईल तिथे तिला तो आवाज पाठीमागून आल्यासारखा वाटे.

५

नाही म्हणणाऱ्या माणसाला विचारत बसायचं नसतं. अक्षता डबा खायला खाली गेली तशी अस्मिताने एक फ्लास्क काढला, त्यात ब्लीच ओतलं आणि मायक्रोस्कोपखाली धरला. एक आधी करून पाहायचा, मग बाकीचे, मग टाकी, असं तिने ठरवलं होतं.

ब्लीचमध्ये पेशी विरघळतात, दुसरं काही होत नाही. हे तिने शेकडो वेळा पाहिलेलं होतं. या वेळी विरघळायच्या आधी सगळ्याच्या सगळ्या एकदम आखडल्या. अख्खा थर एकाच वेळी, मूठ आवळावी तसा. आणि त्याच क्षणी तिच्या पोटात बाळाने असा हिसका दिला की तिच्या तोंडून आवाज निघाला. नंतर पोट शांत झालं. एवढी शांतता तिने गेल्या महिन्याभरात कधी अनुभवली नव्हती.

ती वाट पाहत बसली. पाणी प्यायली, गोड खाल्लं, डाव्या कुशीवर झाली. काही नाही. मग रिक्षा करून ती नेरूळला डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि सौरभला तिकडेच बोलावून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. ठोके लागले, पण मंद होते, थांबत थांबत येत होते. डॉक्टरीणबाईंनी यंत्र उचलून पुन्हा दुसऱ्या जागी टेकवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सौरभ तिचा हात धरून उभा होता आणि त्याचा हात तिच्यापेक्षा गार होता.

तेवढ्यात अक्षताचा फोन आला. सौरभने उचलला आणि स्पीकरवर टाकला. अक्षता सांगत होती, मॅडम, आज तुम्ही फ्लास्कना जेवायला घातलं नव्हतं वाटतं, टेन्शन नका घेऊ, मी आत्ताच सगळ्यांना घातलं. ती बोलत असतानाच यंत्रातले ठोके भरभर येऊ लागले. डॉक्टरीणबाई सुस्कारा सोडून म्हणाल्या की बाळं अशी झोपतात कधीकधी, आईची उगाच धावपळ.

अस्मिताने मान डोलावली. योगायोग म्हणावा, तर तो तिला परवडणारा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ती वेळेवर कामावर जाऊ लागली आणि एकही जेवण चुकू देईना. सुधीर सरांनी तिची पाठ थोपटली. बाळ वाढत होतं, वजन धरत होतं. ती आता त्या पेशींचा मनापासून द्वेष करी, आणि रोज स्वतःच्या हातांनी त्यांना भरवी.

६

आठव्या महिन्यात टाकीतल्या पेशींच्या तपासणीत मायकोप्लाझ्मा निघाला. हा अगदी बारीक जंतू, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाही. एकदा शिरला की त्या पेशींचा भरवसा संपला. याच पेशींच्या गोठवून ठेवलेल्या कुप्या तपासल्या, त्यांतही तोच. म्हणजे मुळापासूनच होता. अशा वेळी लॅबचा एकच नियम असतो. सगळं फेकायचं. फ्लास्क, टाकी, कुप्या, उघडलेल्या द्रवाच्या बाटल्या, सगळं वाफेच्या भट्टीत घालून मारायचं आणि नव्या जनावरापासून सुरुवात करायची.

अस्मिता सुधीर सरांच्या केबिनमध्ये गेली. कामाच्या ठिकाणी ती कधी कुणापुढे रडली नव्हती, ती तिथे रडली. औषध देऊन पेशी स्वच्छ करता येतील, मी एकटीने करते, फक्त एक फ्लास्क ठेवा, एकच. सर ऐकत होते, पण त्यांच्या नजरेतली माया केव्हाच आटली होती. त्यांची एवढ्या दिवसांची मेहनत बुडाली होती आणि राग काढायला समोर कुणीतरी हवंच होतं.

“मारून टाका, मारून टाका, असं तूच माझ्या मागे लागली होतीस,” ते म्हणाले. “आणि रोज हात तुझेच लागायचे त्यांना. जंतू कुठून आला, ते मी विचारलं नाही अजून. विचारू?”

ती बाहेर आली. अक्षता भट्टीच्या पिशव्या भरत होती. अस्मिता म्हणाली, तू दमलीस, मी भरते. अक्षता हात धुवायला वळली तेव्हा एक फ्लास्क अस्मिताच्या कुर्त्याखाली गेला होता. झाकण घट्ट लावलेलं, ओढणीने पोटाला आवळून बांधलेलं. पेशींना लागते ती ऊब माणसाच्या अंगात असतेच.

भट्टी सुरू झाली तेव्हा ती रिक्षात होती. तळोज्याच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे पोटात पहिली कळ आली. पोट दगडासारखं कडक झालं, सैल पडलं, पुन्हा कडक झालं. ती दोन्ही हातांनी फ्लास्क पोटाशी दाबून धरून पुढे वाकली. रिक्षावाल्याने विचारलं, ताई, हॉस्पिटलला घेऊ का. ती म्हणाली, नको, घरी. खारघर मागे पडेस्तोवर कळा ओसरल्या. बाळ हललं, अगदी हळू, पण हललं.

७

घरी तिने सौरभला काही सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधायला सांगितलाय, एवढंच सांगितलं. तो भला माणूस, त्याने विश्वास ठेवला. ती दिवसभर पलंगावर पडून राही. बाळ हलत असे आणि तिला तेवढं पुरत असे.

पण फ्लास्कमधलं द्रव ताजं असताना लालसर असतं, आणि पेशी उपाशी पडल्या की ते पिवळं होत जातं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने फ्लास्क खिडकीशी धरला. द्रव लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं होतं. सकाळपासून बाळ हललं नव्हतं. फ्लास्क पुन्हा कुर्त्याखाली गेला तोच सौरभ आत आला आणि त्याने ते तिच्या तोंडावरून ओळखलं. तो म्हणाला, अगं, ऊठ, नेरूळला जाऊ, मी खाली जाऊन रिक्षा बघतो. चप्पल घालता घालता त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. तो गेला आणि तिने दाराला आतून कडी घातली.

नेरूळला जाऊन काय होणार होतं? तिथे ठोके ऐकता येत होते. पेशींना घालायला तिथे काही नव्हतं. पोषणद्रवाच्या सगळ्या बाटल्या भट्टीत गेल्या होत्या. पेशींना जगायला मुख्य काय लागतं, तर रक्तातलं वरचं पिवळसर पाणी. रक्त काढून थोडा वेळ ठेवून द्यायचं, गोळा खाली बसला की ते वर येतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे येतं. ती स्वयंपाकघरात गेली, फ्लास्क ओट्यावर डाव्या हाताला ठेवला, स्टुलावर बसली, दंडाला ओढणी बांधली आणि लॅबमधून आणलेल्या सिरिंजचं वेष्टन फाडलं.

तेव्हा तिचं लक्ष फ्लास्ककडे गेलं. तळाशी चिकटलेला पेशींचा थर कडेने सुटला होता. तो सुटतो कधीकधी, द्रवात गुंडाळीही होते. ही गुंडाळी करंगळीच्या पेराएवढी होती आणि तिला एक टोक होतं. टोक तिच्याकडे होतं. तिने डोळे मिटून घेतले. स्नायू आहे, आकसतो, एवढंच, असं ती पुटपुटली. उघडून पुन्हा पाहायची तिची छाती झाली नाही.

सुई अजून शिरेत जायची होती. एवढ्यात पोटात बाळ हललं. सकाळपासून पहिल्यांदा. कुर्त्यावरून दिसेल असा उंचवटा डाव्या कुशीला आला आणि तिथेच दाबून राहिला. आनंदाने तिला रडू फुटलं. मग हात पुढे करून, न बघता, तिने फ्लास्क चाचपला, उचलला आणि ओट्यावर उजव्या हाताला ठेवला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला, सौरभने खालून तिचं नाव घेऊन हाक मारली. पोटातला उंचवटा कातडीखालून सावकाश सरकत निघाला, बेंबी ओलांडून उजव्या कुशीपर्यंत आला आणि फ्लास्कच्या बाजूला तोंड करून थांबला. तो वाट पाहत होता.

अस्मिताने मूठ आवळली आणि सुई टोचून घेतली.